वेगळे ठेवलेले ठोकळे

मे महिन्याच्या पाच तारखेला आमच्याकडे बालदिन असतो. त्याच्या आधीचे दहा दिवस राजधानीतल्या छांगशिन-दोंगच्या खेळण्यांच्या गल्लीत मुंगीलाही शिरायला जागा नसते. सत्तावीस वर्षं मी या गल्लीतल्या एकाच दुकानात उभी आहे. गिऱ्हाईक येतं, भिंतीवरच्या डब्यांकडे बघतं, किमती वाचतं आणि मग आवाज खाली आणून मला विचारतं, "ताई, स्वस्तातले पण चांगले ठोकळे दाखवा ना. मूल चार वर्षांचं आहे."

मी सांगते. तीनच्या आतलं मूल असेल तर मोठे ठोकळे घ्या, तोंडात न मावणारे. पिशवी उघडून नाकाला लावा, उग्र वास आला तर परत ठेवा. सुरक्षेचा शिक्का बघा. दोन ठोकळे एकमेकांत दाबा आणि वरचा धरून उचला. खालचा गळून पडता कामा नये, पण मुलाच्या बोटांनी सुटायलाही हवा. चित्राला भुलू नका. ज्यातून एकच विमान होतं तो डबा दोन दिवसांत कपाटावर जातो. साध्या चौकोनी ठोकळ्यांची पिशवी घ्या, ती वर्षानुवर्षं पुरते. आणि घरात दोन मुलं असतील तर दोघांना एकाच जातीचे घ्या.

हे शेवटचं मी अलीकडे सांगायला लागले. पूर्वी सांगत नसे.

माझं लग्न झालं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. माझा नवरा छांग-सोप घरांच्या भिंतींना कागद लावायचं काम करायचा, अजूनही करतो. त्याची पहिली बायको आजारपणात गेली होती आणि त्याला चार वर्षांची मुलगी होती, सो-दाम. लग्नाच्या जेवणाला सो-दामच्या आईची आई सोक्चोहून आली होती. समुद्रकाठच्या बाजारात वाळवलेली माकूळ विकणारी ती बाई, हाताला कायम खारा वास. जेवणं झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं.

"हे बघ पोरी," ती म्हणाली, "माझी लेक गेली, जावयाने दुसरं लग्न केलं, त्यात माझं काही म्हणणं नाही. त्याने तरी एकट्याने किती दिवस काढायचे? फक्त मी अधूनमधून येत जाईन. नातीला बघायला."

"या ना आजी. कधीही या."

"येईन. आणि आले की तिची नखं बघेन. नखांवरून कळतं, पोरीकडे कोणी बघतंय की नाही ते."

हसतच बोलली ती. पण त्या दिवसापासून दर रविवारी मी सो-दामची नखं कापायला बसायची, आणि प्रत्येक नख कापताना ती म्हातारी माझ्या खांद्यामागे उभी आहे असं मला वाटायचं.

सो-दाम मला काकू म्हणायची. आई म्हण, असं मी कधी सांगितलं नाही. जबरदस्ती केल्यासारखं होईल असं वाटायचं. ती मला 'तुम्ही' म्हणायची. "काकू, तुम्ही जेवलात का?" असं चार वर्षांचं पोर विचारायचं. आमच्या इमारतीतल्या बायका म्हणायच्या, काय वळण लावलंयस गं! मला बरं वाटायचं.

एका वर्षाने हान-ग्योल झाला. तेव्हा मी मनाशी ठरवलं. स्वतःचं मूल झालं की सावत्र आईची नजर फिरते असं लोक म्हणतात ना, माझी नाही फिरणार. सो-दामला नवा कोट घ्यायचा, हान-ग्योलला माझ्या बहिणीच्या मुलाचा जुना. माशाचा पोटाकडचा तुकडा तिच्या वाटीत, शेपटीचा त्याच्या. तिच्यावर मी कधी आवाज चढवला नाही. एकदाही नाही. ही गोष्ट तेव्हा मी चारचौघांत अभिमानाने सांगायची.

सो-दाम आठ वर्षांची होती आणि हान-ग्योल तीनचा, त्या सालच्या बालदिनाची ही गोष्ट. सोक्चोची आजी सकाळच्या बसने येणार होती. चार दिवस आधी, गर्दी ओसरल्यावर, मी दुकानातच मुलांसाठी बघत होते. सो-दामसाठी मी परदेशी कंपनीचा डबा हातात घेतला होता. पांढरं घर, लाल छप्पर, पुढे बाग आणि दोन बाहुल्या. आमच्या दुकानातल्या महागड्या डब्यांपैकी एक. हान-ग्योलसाठी आमच्या देशातल्याच एका कारखान्यातली सुट्या ठोकळ्यांची पिशवी काढून ठेवली होती. पिशवीला कुठेतरी चीर गेली होती म्हणून निम्म्या भावात मिळत होती.

नामगुंगबाईंनी, आमच्या मालकिणीने, चष्म्यावरून दोन्हीकडे बघितलं.

"हे घर कुणाला?"

"सो-दामला."

"आणि ही फाटकी पिशवी लेकाला?"

"तो लहान आहे, बाई. त्याला काय कळतंय?"

"कळायचा प्रश्न नाही. बोक-ही, तू माझ्याकडे किती वर्षं आहेस? ह्या घराचं काय होतं तुला माहीत आहे. तासाभरात बांधून होतं आणि मग त्याच्यावरची धूळ पुसत बसायची. ह्याच पिशव्या दोन ने. दोघांच्या एकत्र केल्या की हा एवढा ढीग होईल. आठ वर्षांच्या पोरीला ढीग हवा असतो."

"तिची आजी येणार आहे."

"मग घेतेयस कुणासाठी, पोरीसाठी की आजीसाठी?"

मी हसले आणि घराचा डबा बांधायला घेतला. उरलेले पैसे परत देताना नामगुंगबाई फक्त म्हणाल्या, "तुझं तू बघ बाई."

बालदिनाच्या दिवशी मी पहाटे उठून शेवाळाच्या पानात भात गुंडाळून किंबाप केलं होतं. आजी आल्या, वाळवलेल्या माकुळीचं बोचकं स्वयंपाकघरात ठेवून सोफ्यावर बसल्या. मुलांनी भेटी उघडल्या. हान-ग्योलने पिशवी दातांनीच फाडली आणि खोलीभर ठोकळे सांडले. नारिंगी, हिरवे, एक मळकट निळा रंग. सो-दामने डबा हळूच उघडला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि पान उलटत उलटत जेवणाच्या आत घर बांधून टाकलं. छांग-सोपने टाळ्या वाजवल्या. आजींनी मान हलवली. सो-दामने ते घर टीव्हीशेजारी नेऊन ठेवलं, आणि थोडा वेळ त्याच्यासमोर हात मागे बांधून उभी राहिली, दुकानाच्या काचेपुढे राहावं तशी.

जेवण झाल्यावर मी पिवळी खरबुजं कापायला गेले. बाहेरून हसण्याचा आवाज येत होता, हान-ग्योलचा आणि तिचा. सो-दाम मोठ्याने हसायची नाही सहसा. ताटली घेऊन बाहेर आले तर ती जमिनीवर पोटावर लोळत होती, मोजे गुंडाळून कुठेतरी फेकलेले, आणि टीव्हीशेजारचं घर जमिनीवर आलं होतं. त्याचं लाल छप्पर काढलेलं. पांढऱ्या भिंतीला नारिंगी भिंत चिकटवली होती, तिला हिरवी, आणि घर वाकडंतिकडं वाढत पार सोफ्याच्या पायापर्यंत गेलं होतं.

"ही हान-ग्योलची खोली," ती त्याला सांगत होती. "ही बाबांची, कागदांची गुंडाळी ठेवायला लांब केलीय. आणि ही सोक्चोच्या आजीची."

"आजी इथे राहणार?"

"हो. आणि इथे दोरी बांधून माकूळ वाळत घालणार."

आजी सोफ्यावरून हे बघत होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मला मात्र दिसलं ते असं: नातीचं महागाचं घर मोडलंय, त्यात माझ्या पोराचे फाटक्या पिशवीतले ठोकळे घुसलेत, आणि म्हातारी डोळ्यांनी सगळं टिपतेय.

"अगं सो-दाम, हे काय!" मी ताटली ठेवली. "तुझे चांगले ठोकळे त्याच्यात कशाला घातलेस? हरवतील ना."

"नाही हरवत! बसतात गं, बघ ना!" तिने एक पांढरा आणि एक नारिंगी ठोकळा जोडून माझ्या तोंडाजवळ धरला. "बघ, ह्याच्यावर हे पण बसतं. ओढ तू. सुटतात का बघ!"

तिच्या कपाळावर घाम होता, गाल लाल झाले होते.

"बसतात," मी म्हणाले, "पण तुझे वेगळे आहेत, बाळा. तुझे ते तुझेच राहायला हवेत."

मी खाली बसले आणि वेगळे करायला लागले. तिच्या ठोकळ्यांवरच्या प्रत्येक गोल बटणावर कंपनीचं बारीक नाव होतं, ते नखाने चाचपून बघत मी एकेक बाजूला काढत होते. हान-ग्योलने भोकाड पसरलं. "माझी खोली! आई, माझी खोली!"

"गप्प बस. ताईचं आहे ते."

सो-दामने हातातले दोन जोडलेले ठोकळे सोडवले, एक इकडे आणि एक तिकडे ठेवला, आणि मला मदत करायला लागली. तिचे हात माझ्यापेक्षा भरभर चालत होते. बघता बघता दोन वेगळे ढीग झाले. तिने मोजेही शोधून घातले.

"झालं, काकू," ती म्हणाली. "तुम्ही खरबूज खा."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून झाकणाचा मोठा डबा आणला आणि त्यावर जाड पेनाने तिचं नाव लिहिलं. सो-दाम. हान-ग्योलला बजावलं, ह्याला हात लावायचा नाही. आजी आदल्या संध्याकाळी निघताना मला म्हणाल्या होत्या, "काळजी घेतेस तू तिची." नखं त्यांनी त्या खेपेला बघितलीच नाहीत. मला वाटलं, परीक्षा पास झाले.

पुढची तीन वर्षं प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक बालदिनाला मी तिला असाच डबा आणला. दुकानात मला सवलत होती, तरी त्यासाठी मी स्वतःच्या झिजलेल्या चपला दोन हिवाळे ओढल्या. ती डबा दोन्ही हातांनी घ्यायची, "थँक्यू, काकू" म्हणायची, पुस्तकात बघून बांधायची आणि फळीवर ठेवायची. हवेली, रुग्णवाहिका, जहाज. पाहुणे आले की मी फळी दाखवायची. हान-ग्योल खाली जमिनीवर त्याच त्या नारिंगी-हिरव्या ठोकळ्यांशी खेळत असायचा. कधीकधी ती दाराच्या चौकटीला टेकून त्याचं खेळणं बघत उभी असायची. "तुझं नवं जहाज घे ना खेळायला," मी म्हणायची. "नको. हरवेल काहीतरी," ती म्हणायची.

ती अकराची झाली त्या नोव्हेंबरात आमच्याकडे हिवाळ्यासाठी कोबीचं लोणचं, किमची, घालायला इमारतीतल्या चार बायका जमल्या होत्या. खारवलेल्या कोळंबीची काचेची बरणी सो-दाम स्वयंपाकघरातून आणत होती. बरणी हातातून निसटली आणि फुटली. सगळीकडे काचा आणि खारं पाणी. हान-ग्योल दाराजवळ बसला होता.

"मधे मधे काय करतोस रे!" मी त्याच्यावर ओरडले. "हजारदा सांगितलं ना बाहेर जा म्हणून!"

"मी नाही! मी इथेच बसलो होतो! ताईने पाडली!"

"उलट उत्तर देऊ नकोस!" आणि तिच्याकडे वळून, "असू दे हं बाळा. तुला लागलं नाही ना?"

एक शेजारीण दुसरीला म्हणाली, "बघितलंस? पोटची पोर असती तर एक धपाटा खाल्ला असता." मी काचा गोळा करत होते, मनातून सुखावले होते.

थोड्या वेळाने कोबीचं घमेलं घेऊन मी गॅलरीकडे गेले. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत दोघं बसली होती.

"ताई, तुझ्याच हातून पडली ना?"

"हो."

"मग आई मला का ओरडली?"

"तू तिचा आहेस म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्याच माणसाला ओरडतात. पाहुण्यांना नाही ओरडत."

"तू पाहुणी आहेस?"

मग सो-दाम म्हणाली, "आधी नाक पूस तुझं. शी!"

मी घमेलं धरून तिथे उभी होते. दोन पावलं पुढे जाऊन दार ढकलायचं होतं. आत जाऊन काहीही बोलले असते तरी चाललं असतं. 'बरणी फोडलीस, आता पुसायला ये' एवढं बोलले असते तरी चाललं असतं. पण बायका हाका मारत होत्या, मिठातला कोबी थांबला होता, आणि मी परत फिरले. पोरांचं बोलणं काय मनावर घ्यायचं, असं स्वतःला सांगितलं.

हिवाळ्याच्या सुटीत ती नेहमीसारखी सोक्चोला गेली. सुटी संपत आली तेव्हा तिने बाबांना फोन केला. इथल्या शाळेत नाव घालाल का, मी आजीजवळ राहीन, म्हणाली.

"का गं? कुणी काही बोललं का तुला?" छांग-सोपने विचारलं.

"नाही बाबा. काकू खूप चांगल्या आहेत."

हे वाक्य त्याने मला जसंच्या तसं सांगितलं, माझं कौतुक म्हणून.

त्या रविवारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. तो म्हणाला, "तू बोल तिच्याशी. तू राहा म्हणालीस तर राहील ती."

"मी कशी अडवू? रक्ताच्या आजीकडे जाऊ दिलं नाही म्हणतील लोक."

"लोक गेले खड्ड्यात. तुला काय वाटतं ते सांग."

खरं ते तेव्हा त्याला सांगता आलं नाही, आज सांगते. मला वाईट वाटलं होतं, पण त्याच्याखाली कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं. सात वर्षं श्वास रोखून धरला होता, तो आता सोडता येणार होता. त्या सुटकेची मला इतकी लाज वाटली की मी तोंडच उघडलं नाही. आणि माझं गप्प राहणं हीच संमती धरून सगळं ठरलं.

फेब्रुवारीच्या शेवटी मी तिला पोचवायला गेले. सामान बांधताना फळीवरची हवेली, जहाज सगळं मी खोक्यात भरायला घेतलं, तर ती म्हणाली, "काकू, ते नको. हान-ग्योलला द्या. त्याला म्हणावं, सगळे एकत्र केले तरी चालतील." हान-ग्योल बसथांब्यापर्यंत तिच्या कोटाला धरून आला आणि तिथून छांग-सोपला त्याला उचलून न्यावं लागलं.

सोक्चोत आजींचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. मी पोचले तेव्हा त्या माकुळींचे गठ्ठे बांधत होत्या. सो-दाम आत बॅग ठेवायला गेली. आजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शेवटी पाठवलीसच."

"तिलाच यायचं होतं, आजी."

"ते माहीत आहे मला." त्यांनी गाठ मारली. "तो बालदिन आठवतो? पोरांनी जमिनीवर लांबच लांब घर बांधलं होतं. माझी पण खोली होती त्यात."

"आठवतो."

"तेव्हा मला वाटलं होतं, आता मी डोळे मिटायला मोकळी. पोर लोळत होती, दंगा करत होती, भावाबरोबर खिदळत होती. मला वाटलं, रुजली एकदाची. आणि तू येऊन सगळं वेगळं करायला बसलीस."

"तुम्ही... तुम्हाला आवडणार नाही असं मला वाटलं. तुम्ही बघत होता ना."

"मी कौतुकाने बघत होते, पोरी."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"सावत्र आईला मी काय बोलणार? म्हणाली असतीस, म्हातारी येते आणि नाक खुपसते." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "नखांचं बोलले होते लग्नात, तेही बोलायला नको होतं मी. किती वर्षं धरून बसलीस गं ते?"

तेवढ्यात त्यांचं लक्ष उंबऱ्याकडे गेलं आणि त्या कडाडल्या, "सो-दाम! वाटेत बूट कुणी काढलेत? गिऱ्हाईक पडलं म्हणजे?"

आतून तितक्याच मोठ्याने उत्तर आलं, "अगं उचलते ना! आत्ताच तर आले! किती ओरडतेस!" आणि ती बाहेर आली, हसत, केस विस्कटलेले, बूट हातात घेऊन. मला बघून एकदम सावरली. "काकू, तुमची बस किती वाजता आहे?" तिने विचारलं.

परतीच्या बसमध्ये मी ते 'अगं' घोळवत बसले होते, आणि घाट लागल्यावर मला आठवलं. बसतात गं, बघ ना. ओढ तू. मला ती एकदाच 'तू' म्हणाली होती, आयुष्यात त्या एका दुपारी, आणि माझ्या ते कानावर पडूनही लक्षात आलं नव्हतं. मी बटणांवरची नावं चाचपत होते.

त्यानंतर सतरा वर्षं गेली. ती सणाला फोन करते, तब्येतीची चौकशी करते, माझ्या वाढदिवसाला वाळवलेली माकूळ पाठवते. हान-ग्योलशी मात्र तिचं रोज काहीतरी चालू असतं. एकमेकांना शिव्या देतात, पैसे मागतात, रुसतात. तो आता सैन्यात सक्तीची सेवा करतोय, तिथून पहिला फोन तिलाच करतो.

सो-दाम सोक्चोच्या एका बालवाडीत शिकवते. या एप्रिलमध्ये ती दुकानात आली. येते म्हणून आधी कळवलंही नव्हतं. मी शिडीवर चढून वरचे डबे काढत होते, खाली बघितलं तर ती.

"काकू, हळू उतरा," ती म्हणाली. "माझ्या वर्गाला बालदिनाच्या भेटी घ्यायच्यात. अकरा मुलं आहेत, चार-पाच वर्षांची. संस्थेने दिलेत ते पैसे फार नाहीत. इथे तुम्ही आहात म्हणून आले."

मी तिला तीन-चार प्रकार काढून दिले. तिने पिशवी उघडून वास घेतला, दोन ठोकळे दाबून वरचा उचलून बघितला. मी कधी शिकवलं नव्हतं तिला, बघूनच शिकली असेल. मी म्हणाले, "नऊ पिशव्या ह्या घे, आणि दोन हे मोठे डबे सवलतीत देते मी. ज्यांच्या घरी कुणी काही घेणार नाही अशी दोन मुलं असतील ना वर्गात? त्यांना जरा चांगलं काहीतरी."

"आहेत दोघं. पण नको, सगळ्यांना एकच द्या. एखाद्याला वेगळं मिळालं की तो ते घेऊन कोपऱ्यात बसतो."

"चांगलं मिळालं तरी?"

"चांगलं मिळालं तर जास्तच," ती सहज म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती पिशव्या मोजायला लागली.

दुपारी मी तिला समोरच्या गल्लीत नूडल्स खायला नेलं. नामगुंगबाईंची सून आता दुकान बघते, तिने अर्धा तास सोडलं. वाट्या आल्या, वाफ येत होती. मी म्हणाले, "सो-दाम, तू आठ वर्षांची होतीस तेव्हाचा बालदिन..."

"आठवतो मला," ती म्हणाली.

"माझं चुकलं तेव्हा."

तिने चमचा खाली ठेवला. "खरं सांगू काकू? मला वाटलं होतं माझंच काहीतरी चुकलं. तुम्ही इतक्या घाईघाईने वेगळे करायला बसलात, मला वाटलं, ह्या घरात आपण काय करायचं नसतं ते आज कळलं. मग मी लक्षात ठेवलं."

"मी तुझ्यावर ओरडायला हवं होतं. बरणी फुटली तेव्हा."

ती चमकली. "तुम्ही ऐकलं होतं?"

"दाराबाहेर होते."

बाजूच्या टेबलावरची माणसं उठून गेली, बाईने टेबल पुसलं. मग सो-दाम म्हणाली, "तुम्ही मला काही कमी केलं नाहीत. मी सगळ्यांना सांगते, माझ्या काकू खूप चांगल्या आहेत म्हणून."

"आता तरी मला 'तू' म्हण."

ती हसली, पण गोंधळून. दोनदा तोंड उघडलं तिने. मग मान हलवली. "नाही जमणार हो. जीभच वळत नाही. सवय नाही ना." आणि माझ्या वाटीत स्वतःच्या वाटीतले दोन शिंपले काढून ठेवले. "खा तुम्ही. गार होतंय."

पैसे तिनेच द्यायचा हट्ट धरला. पिशव्या कुरिअरने पाठवायची सोय केली आणि मी तिला भुयारी रेल्वेच्या जिन्यापर्यंत सोडलं. चुसोकच्या सणाला ये, म्हणाले. "बघते काकू, सुटी मिळाली तर," म्हणाली, वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेली. खाली वळण्याआधी हात हलवला.

ऑगस्टमध्ये हान-ग्योलला रजा मिळाली. तो आधी तीन दिवस सोक्चोला गेला आणि मग आमच्याकडे आला, नाक उन्हाने सोललेलं. ताई मजेत आहे, म्हणाला. चुसोकला ती आली नाही. आजींचे गुडघे दुखतात, त्यांना एकटं सोडता येत नाही, असा फोन आला. आम्ही दोघंच जेवलो.

छांग-सोप म्हणतो, "ती काही रागावलेली नाहीये तुझ्यावर. उगाच मनाला लावून घेतेस."

रागावलेली नाही हे मलाही माहीत आहे. रागावलेल्या माणसाची समजूत तरी घालता येते.

पुढच्या महिन्यात आजींचा शहाऐंशीवा वाढदिवस आहे. दोन दिवसांची रजा मागितली आहे मी. मिळाली तर जाईन म्हणते.